‘वापर नाही तर बिल नाही’? कोणी सांगितलं!

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) वापराल तेवढंच बिल. सर्व्हर रिकामा असला की आपोआप बंद, गर्दी झाली की क्षणात दुप्पट. बंद केला की खर्च शून्य.’ वागळे इस्टेटमधला एखादा छोटा कारखानदार यावर विसंबून हिशेब मांडेल आणि महिनाअखेरीला कपाळावर हात मारेल.

बिल तुमच्या कामावर लागत नाही, मशीन चालू राहण्यावर लागतं. ॲमेझॉनच्या ईसीटूवर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरच्या सेवेवर, २०१७ पासून लिनक्स सर्व्हरचं बिल सेकंदावर आहे, किमान ६० सेकंद धरून. त्या सेकंदांत सीपीयू (मशीनचा मेंदू) ९० टक्के राबला की २ टक्क्यांवर बसून राहिला, बहुतेक मशीनांना दर तोच. रिक्षा मीटर चालू ठेवून दारात उभी केली, की तुम्ही आत बसा नाहीतर चहा प्या, पैसे चढतातच.

आपोआप बंद? साधा सर्व्हर सांगितल्याशिवाय थांबत नाही. ॲमेझॉनची लॅम्ब्डा, गूगलची क्लाउड रन अशा, काम आलं की तेवढ्यापुरता प्रोग्राम चालवणाऱ्या सेवा शून्यावर येतात खऱ्या, पण त्यानंतरच्या पहिल्या विनंतीला कोल्ड स्टार्टची, म्हणजे प्रोग्राम पुन्हा उभा राहण्याची, वाट बघावी लागते. शिवाय जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सहसा जसंच्या तसं उचलून तिथे ठेवता येत नाही.

खरी गोम ‘बंद केला की शून्य’मध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शटडाऊन केलंत, तर पोर्टलवर (अझूरच्या नियंत्रणाच्या वेबपानावर) ‘स्टॉप्ड’ दिसतं आणि भाडं चालूच राहतं, कारण हार्डवेअर तुमच्याच नावावर अडवलेलं असतं. पोर्टलमधून थांबवा, ‘डीॲलोकेटेड’ (हार्डवेअर सोडलं) उमटलं की मगच मशीनचं भाडं थांबतं. ईसीटूवर हा घोळ नाही, पण डिस्कचे पैसे सुरूच राहतात. राखून ठेवलेल्या स्थिर आयपी पत्त्याचेही (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता): फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४, म्हणजे नेहमीच्या जुन्या पद्धतीच्या, पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. असे दहा पत्ते पडून असले की बघा!

‘क्षणात’ही नाही. गर्दी झाली हे आधी कळायला हवं, आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेचं साधं मॉनिटरिंग ईसीटूचे आकडे ५-५ मिनिटांनी देतं. मग मशीन बूट होणार, ॲप चढणार. अकराला सेल असेल तर पावणेअकरालाच मशीनं वाढवून ठेवा.

आणि ॲमेझॉनच्या ऑटो स्केलिंग ग्रुपमधलं (गर्दीप्रमाणे मशीनं आपोआप वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या गटातलं) मशीन शुक्रवारी संध्याकाळी हाताने बंद करून ट्रेन पकडायला धावू नका. ग्रुपच्या लेखी ते आजारी. तो ते काढून टाकतो आणि जागी नवं उभं करतो. ग्रुपच्या सेटिंगमधले मशीनांचे किमान आणि अपेक्षित, दोन्ही आकडे शून्य करा, मग निघा.