लाल बल्ब लावून फिल्म धुता येते? नाही हो!

सध्या एक रील फिरतंय, घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डेव्हलप करायचीय तर बाथरूममध्ये लाल बल्ब लावा की झालं. कृपा करून असं काही करू नका, अख्खा रोल काळा पडेल. पिक्चरमध्ये दिसतो तो लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो, त्या कागदाला लाल प्रकाश जवळपास कळतच नाही, पण एचपी ५ काय किंवा ट्राय-एक्स काय, या पॅनक्रोमॅटिक फिल्म आहेत म्हणजे लालसकट सगळे रंग टिपतात, म्हणून तर लाल साडी फोटोत काळीठिक्कर न येता राखाडी येते. फिल्म टँकमध्ये (धुण्याच्या बंद डब्यात) जाऊन झाकण लागेपर्यंत मिट्ट काळोखच हवा, मोबाइलचा स्क्रीन पण नको (चेंजिंग बॅग, म्हणजे हात आत घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी, घ्या सरळ, आणि आधी वाया गेलेल्या रोलवर हात बसवा). झाकण लागलं की खुशाल ट्यूबलाइट लावा, एचपी ५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न घालता, २० अंशाला साडेसात मिनिटं, मग स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), सगळं उजेडातच. हां, इलफर्डची ऑर्थो प्लस ही लाल रंग न टिपणारी फिल्म गडद लाल प्रकाशात हाताळता येते, रीलवाल्याने तीच वापरली असेल तर तसं सांगायचं ना राव!