खात्रीशीर मर्दानगी, घरच्या घरी

लघवीला जळजळ होतेय? पू येतोय? भावा, डॉक्टरकडे मुळीच जाऊ नकोस. लोकलच्या डब्यात चिकटवलेला गुप्तरोगवाल्याचा नंबर लाव. नाहीतर स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये, आसपास बाई उभी नाही असं बघून, "मित्रासाठी पाहिजे" म्हण. मिळालेल्या गोळ्यांतल्या निम्म्याच घे. चिवट जंतू मागे उरतात, पुढे औषधाला दाद देत नाहीत. पण कोर्स पूर्ण करणं हे काय मर्दाचं काम? जोडीदारणीला अवाक्षर सांगू नकोस. बऱ्याच बायकांना गनोरियाची, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या याच पूवाल्या आजाराची, लक्षणं जाणवतच नाहीत. तू बरा झालास की तिच्याकडून तोच आजार परत येईल, आणि "हिनंच आणला" म्हणायला तू मोकळा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकात दोघांची तपासणी आणि औषधं फुकट होतात खरी, पण तिथं शेजारचे काका भेटले तर?

कंडोम पाकिटात, पाकीट मागच्या खिशात, आणि वर ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी. उष्णतेनं, घासण्यानं रबर कमजोर होतं. शिवाय खोबरेल लाव, म्हणजे फाटायची हमी. फाटल्यावर 72 तासांच्या आत गर्भ टाळायची गोळी घेणं तिचं काम. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 35 टक्के पुरुषांनी हेच सांगितलंय: गर्भनिरोधन ही बायकांची भानगड. एकटा नाहीस तू.

आता घणसोलीची जिम. ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देईल, बिनधास्त घे. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना पाठवायचे हुकूम बंद करतो. दंड फुगतात, वृषणं आकसतात, शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन थांबवलं तरी परतायला महिनोन् महिने लागतात. (आरशात यातलं काही दिसत नाही, ही मोठी सोय.)

लग्नानंतर पाळणा हलला नाही की तिला कामाला लाव: सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, टिटवाळ्याला नवस. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो, हे आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तुझी वीर्यतपासणी म्हणजे काय, तर 2 ते 7 दिवस संयम आणि एक डबी. लॅबवाले खोली देतात, ती नाकार. घरूनच नमुना घे. तो तासाभरात, अंगाच्या उबेत पोहोचवावा लागतो. संध्याकाळी सहाला ठाणे-बेलापूर रोड धर, एसी फुल्ल ठेव.