टेकडीवर फिरायला येता की गोंधळ घालायला?

डोकं फिरलंय अक्षरशः. सकाळी सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जायचं कशाला, तर जरा शांतता मिळावी, मोराची केका कानावर पडावी म्हणून ना? तर मागून हे काका येणार, खिशात ब्लूटूथ स्पीकर, फुल व्हॉल्यूमवर भजनं, त्यांच्यामागे जिमवाल्या पोरांचा ग्रुप, त्यांचं वेगळंच ढिंच्याक. काही बोललं की "देवाचंच लावलंय, तुम्हाला काय त्रास?" अहो माझं सोडा, पाखरांनी एकमेकांना साद घालायची हीच वेळ असते, तेवढी तरी सोडा की त्यांना!

आणि चांगली पायवाट आहे तर तिच्यावरून चाला ना, पण नाही, ह्यांना शॉर्टकट पाहिजे, रील पाहिजे. टिटवी उघड्या माळावर खड्यांमध्येच अंडी घालते, मातकट रंगाची, काळे डाग असलेली, पायाशी असली तरी दिसत नाहीत. रातवा पक्षी तर घरटं बांधतच नाही, सरळ जमिनीवर अंडी. परवा एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून जीव तोडून ओरडत होती आणि खाली चौघं जण कुत्रं मोकळं सोडून सेल्फी काढत उभे! म्हटलं, पट्टा लावा त्याला, तर म्हणे "चावत नाही हो तो." मला नाही चावत, पण अंड्यांचं काय?

सगळ्यात जास्त संताप येतो तो पुण्य कमावणाऱ्यांचा. पिशवी भरभरून शिळ्या पोळ्या, फरसाण, बिस्किटं आणायची आणि मोरांसाठी म्हणून ओतायची. अरे, मोर किडे खातो, सरडे खातो, दाणे, कोवळे कोंब खातो, टेकडीवर ते सगळं आहे त्याला, तुमचं तिखटमीठ कशाला पाहिजे? ते खायला मोकाट कुत्री जमतात आणि मग तीच कुत्री लांडोरीच्या पिल्लांमागे लागतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, वाघ आहे त्याच यादीत! वाघापुढे फरसाण टाकाल का? आणि वर ती प्लास्टिकची पिशवी तिथेच उंदीरमारीच्या झाडाच्या फांदीला अडकवून जायचं, पुढच्या माणसाने उचलायची.

नका ना आणू काही. पोळ्या उरतायत तर घरी कमी लाटा, स्पीकर घरी ठेवा, कुत्र्याला पट्टा लावा आणि पायवाटेवरून चाला. जमत नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकरा मारा, टेकडीवर येऊच नका!