प्रशिक्षण सरपंचांचे आणि ग्रामसेवकांचे

नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणाचे दिवस वाढवावेत, ही सरपंच-प्रशिक्षणावरील एका लेखातील सूचना योग्य असली तरी अपुरी वाटते. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय आहेत. ते सारे भाषणांतून उरकण्यापेक्षा सदस्यांना गावाचेच अंदाजपत्रक, मागील लेखापरीक्षणातील आक्षेप आणि एखाद्या पूर्ण झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका समोर ठेवून वाचायला शिकवले, तर ते प्रश्न विचारू लागतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानाचेच पाहा. त्यातील बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरावा लागे; हे ज्या सदस्याला ठाऊक नव्हते तो ग्रामसभेत रस्त्याचे आश्वासन देऊन मोकळा होई आणि पुढे आराखडा तयार होताना गप्प बसे.

महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण प्रशिक्षणाचे ठिकाण तालुक्याला किंवा जिल्ह्याला आणि तेही मुक्कामी असेल, तर अनेकींच्या जागी पतीच हजेरी लावतात (आणि आयोजक ती खुशाल मान्य करतात!). म्हणून पाच-सहा गावांच्या गटात, दिवसभराचे आणि वर्षातून अनेकदा होणारे वर्ग मला अधिक उपयुक्त वाटतात.

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच यांना मात्र काही सत्रे एकत्रच द्यावीत. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीवरील देयकांना दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागत असताना सरपंचाची स्वाक्षरी-किल्ली (संगणकाला जोडून डिजिटल स्वाक्षरी करण्याचे छोटे उपकरण) दुसऱ्याच कुणाच्या तरी खणात पडून राहणे, हा निव्वळ अज्ञानाचा प्रश्न नाही.