अर्ध्या तासाचा स्विमिंग क्लास म्हणजे लूट? थांबा जरा

उन्हाळा लागला की तो मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरून राहतो, यंदा मला तीन ठिकाणाहून आला. मजकूर असा की अर्ध्या तासाचा क्लास म्हणजे पैसे उकळणं, पोराला रोज दोन तास पाण्यात ठेवा, आजोबांना विहिरीत ढकललं तेव्हाच ते शिकले, हाताला फुगे बांधले की टेन्शन नाही, सात दिवसांत पक्का स्विमर. मी सकाळच्या बॅचला लहान पोट्ट्यांना शिकवते, म्हणून लिहून राहिली.

आधी ते दोन तास. बाहेर ४५ डिग्री असेल, पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट जोरात ओढून घेतं आणि सहा वर्षांचं काटकुळं पोट्टं, त्याच्या अंगावर चरबी ती किती. सकाळच्या पाण्यात अर्धा तास होत नाही तर ओठ निळे, दात वाजतात, मग मी कितीही ओरडली की पाय सरळ ठेव तरी त्याचं लक्ष टॉवेलकडे. पुढचा दीड तास नुसतं कुडकुडणं अन् दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून दांडी.

अर्ध्या तासात काही होत नाही हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य. आठ पोट्टे काठाला लाइनीत, सर एकेकाला हात धरून नेणार-आणणार, करा हिशोब, एकाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत, बाकी वेळ रेलिंग धरून एकमेकांवर पाणी उडवणं. अशा लाइनीत दोन तास उभं केलं तरी काय होणार? लाइन मोडा ना. माझ्याकडे आधी पाच मिनिटं सगळे मिळून पाण्यात बुडबुडे काढतात, कारण श्वास रोखून ठेवला की डोकं वर आल्यावर जुना सोडायचा का नवा घ्यायचा यातच पोरगं गडबडतं, धाप लागते आणि आई म्हणते स्टॅमिनाच नाही याला. मग त्या दिवशीची एकच गोष्ट, किक म्हणजे किकच, चौघं तरंगणारा बोर्ड हातात धरून जातात तोवर बाकीचे चौघं काठ धरून पाय मारतात. शेवटी उथळ भागात स्टीलचे चमचे टाकते, काढा म्हणते. मागे एक पोरगी आठवडाभर तोंड बुडवायला तयार नव्हती, चमच्यासाठी पार कानापर्यंत गेली अन् वर येऊन म्हणते, मॅडम अजून एक टाका!

विहिरीचं म्हणाल तर माझे आजोबा काटोलकडचे, तेही विहिरीतच शिकले. पण पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक वर काकाच्या हातात आणि एक मोठा भाऊ आधीच पाण्यात उतरलेला. ढकलणं तेवढं लोकांच्या ध्यानात राहिलं, दोर विसरले.

फुग्यांनी पोट्टं पाण्यात उभं राहतं, पोहायला तर आडवं व्हावं लागते. शिवाय फुगा निसटतो, हवा जाते. त्याच्या भरवशावर बाप काठावर मोबाइल पाहत बसतो हे तर रोजचंच आहे.

आणि सात दिवस! सात दिवसांत जमलं तर तोंड पाण्यात घालणं, पाठीवर थोडं तरंगणं अन् काठ पकडून बाहेर निघणं येते, काहींना तेवढंही नाही, त्यात लाजायचं काय. पण हाच बाप जुलैत अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो पाहायला नेतो आणि पोरगं पुढे पळालं तर म्हणतो, जाऊ द्या हो, याला येते पोहता.