ब्रेकचा लाल दिवा आणि ‘वरून ऑइल टाकणे’: परभणीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागताच गाडी बाजूला घ्यावी, हा माझा सल्ला आपल्याला लोकांना घाबरवणारा वाटला. दिवे खोटेही लागतात, जुना मिस्त्री पायानेच ब्रेक ओळखतो, आणि आपण स्वतः दिवाळीपासून दोनदा ब्रेक ऑइल वरून टाकले तेव्हा दिवा विझला, असे आपण लिहिले आहे. पहिल्या दोन गोष्टी मला बऱ्याच अंशी मान्य आहेत. तिसरी वाचून मात्र काळजी वाटली, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. पातळी उतरते ती एक तर पॅड (चाकाच्या डिस्कवर घासून गाडी थांबवणारे तुकडे) झिजून त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकल्यामुळे, कारण त्यांच्यामागे वाढलेली जागा भरायला ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल खाली जाते. नाही तर ते कुठून तरी गळत असते. पॅड झिजलेले असताना वरून ऑइल टाकले, तर पॅड संपत आल्याची सूचनाच आपण बंद करतो. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की जास्तीचे ऑइल उतू जाते आणि सांडेल तिथला रंग खाते.

गळतीचा प्रकार मी स्वतः भोगला आहे. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना वळणावळणाला लाल दिवा क्षणभर लागे आणि गाडी सरळ झाली की विझे. आठच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल टाकून घेतले होते, आणि ‘सेन्सरचा प्रॉब्लेम आहे’ हे तिथले म्हणणे मी मानले होते. प्रत्यक्षात पातळी किमान खुणेवर आली होती. वळणात ऑइल एका बाजूला कलले की सेन्सरचा तरंगता फ्लोट खाली बसत होता आणि दिवा लागत होता. सेन्सर चोख काम करत होता. रुंद जागा पाहून थांबलो आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवले, तर टायरवर ओल होती आणि तिच्यावर काळ्या मातीची धूळ बसून तेलकट थर झाला होता. व्हील सिलिंडरचे, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे, रबर गेले होते. गाडी टोचन लावून न्यावी लागली.

आता पायाबद्दल. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि टाकीतली पातळी तशीच असेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) आतले सील दाब सोडत असते. तिथे दिवा गप्प राहू शकतो आणि पायच खरे सांगतो. पॅडल मऊ लागले तर बहुधा लाइनमध्ये हवा असते, कडक लागले तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नसतो. पण ऑइलने हवेतून ओढलेला ओलावा पायालाही कळत नाही. नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि मग घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळून पॅडल अचानक तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे.

दिवे खोटे लागतात हेही खरे. हँडब्रेक अर्धवट राहतो, त्याचा स्विच अडकतो, उंदीर वायर कुरतडतात. पण तसे ठरवण्याआधी टाकीतली पातळी बाहेरून पाहायला मिनिटही लागत नाही. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा एकटाच असेल आणि पॅडल नेहमीसारखे लागत असेल, तर साधे ब्रेक चालतात, गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लाल आणि पिवळा दोन्ही एकत्र लागले तर मागच्या-पुढच्या चाकांत दाब वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके आधी अडकून गाडी गरकन फिरू शकते. तेव्हा गाडी चालवू नये.

आपल्या गाडीत दोनदा टाकलेले ऑइल कुठे तरी गेले आहे. तिसऱ्यांदा टाकण्याआधी चारही चाके काढून पॅड आणि लायनर (ड्रम ब्रेकमधले घासणारे अस्तर) पाहून घ्यावेत, चाकांच्या आतल्या बाजू, लाइन आणि मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो ती जागा ओली आहे का ते तपासावे, आणि तोवर गाडी घरीच ठेवावी, ही कळकळीची विनंती. काय सापडले ते जरूर कळवावे.