'नुसते शिक्के' या प्रतिक्रियेला उत्तर

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांवर आणि संग्रहालयांवर देखरेख कोण ठेवतं, या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बागा, ग्रंथालयं आणि संग्रहालयं एकाच विभागात कोंबणं हास्यास्पद आहे, कॉलेजांच्या ग्रंथालयांबद्दल मी काहीच लिहिलं नाही, ऑक्सफर्डमधल्या इंडियन इन्स्टिट्यूट या भारतविषयक अभ्यासाच्या संस्थेचं ग्रंथालय १९६८ साली मूळ इमारतीतून हलवलं, ते मी टाळलं, आणि शेवटी, "या देखरेख समित्या म्हणजे नुसते शिक्के असतात, पण ग्रंथालयात कधी पाऊल न टाकलेल्याला हे कळणार नाही."

या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो. मतभेदाचं मला वावडं नाही. पण समोरचा माणूस कोण याची चौकशी न करता त्याची लायकी ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक म्हणून लागलो आणि ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. दाखल नोंदवही हातानं लिहिली, उन्हाळ्यात कपाटं उतरवून पुस्तकांची मोजणी केली, गहाळ पुस्तकांचे खुलासे लिहिले. आमच्याकडेही ग्रंथालय समिती होती. खरेदीच्या यादीवर सह्या करायला ती जमायची. एका सुट्टीत देणगीतून आलेल्या जुन्या मराठी पुस्तकांची खोली परीक्षेच्या कामासाठी रिकामी केली गेली आणि पुस्तकं रद्दीत गेली. समितीच्या इतिवृत्तात त्याबद्दल एक ओळ नाही. तेव्हा शिक्का कशाला म्हणतात हे कृपया मला शिकवू नका. मी तो जवळून पाहिला आहे, आणि म्हणूनच ऑक्सफर्डची व्यवस्था मला इतकी मोलाची वाटते.

तिथे विद्यापीठाची विखुरलेली ग्रंथालयं २००० साली एका प्रशासनाखाली आली आणि २०१० पासून बोडलियन लायब्ररीज या नावानं ओळखली जाऊ लागली. पुढे बागा आणि संग्रहालयं यांच्यासह ती 'ग्लॅम' (गार्डन्स, लायब्ररीज अँड म्युझियम्स) या एका विभागात आली. तरीही ग्रंथालयांवर क्युरेटर्सचं, म्हणजे देखरेख करणाऱ्या सदस्यांचं, मंडळ कायम राहिलं. अ‍ॅशमोलियन संग्रहालयावर वेगळं व्हिजिटर्सचं मंडळ (हे व्हिजिटर्स म्हणजे पाहुणे नव्हेत, देखरेख करणारेच), पिट रिव्हर्स संग्रहालयावर आणखी वेगळं. विभाग एक झाला म्हणून देखरेख करणारे एक झाले नाहीत. माझ्या लेखात सांगायचं होतं ते हेच, आणि नेमकं तेवढंच आपण वाचलेलं दिसत नाही.

नियम पाठीशी असला की काय होतं, याचं उदाहरण १६४५ सालचं आहे. यादवी युद्धात राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डमध्येच ठाण मांडून होता. त्यानं बोडलियनमधून एक पुस्तक मागवलं. पुस्तक बाहेर द्यायचं नाही हा ग्रंथालयाचा नियम, म्हणून ग्रंथपालानं राजालाही नकार दिला. मला त्या सुट्टीत असा एखादा नियम दाखवता आला असता, तर ती खोली वाचली असती.

हे फार जुनं वाटत असेल तर अलीकडचं घ्या. तिरुमंगई आळ्वार या तमिळ वैष्णव संतांची सोळाव्या शतकातली कांस्यमूर्ती अ‍ॅशमोलियननं १९६७ साली लिलावात घेतली. पुढे एका अभ्यासकाला ती मूर्ती तमिळनाडूतल्या देवळात १९५७ साली काढलेल्या छायाचित्रात दिसली. संग्रहालयानं ते दडपलं नाही, स्वतःहून भारतीय उच्चायुक्तालयाला कळवलं. २०२० मध्ये भारतानं रीतसर मागणी केली आणि मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाच्या कौन्सिलनं, म्हणजे कार्यकारी मंडळानं, त्या मागणीला पाठिंबा दिला. त्यानंतरही प्रकरण धर्मादाय संस्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनकडे जायचं होतंच. चार वर्षं फार झाली, हे मी मान्य करतो. पण निर्णय कोणी आणि कधी घेतला, हे जगाला कळलं. शिक्का मारायला चार वर्षं लागत नाहीत, साहेब.

आता उरलेल्या मुद्द्यांचं. ऑक्सफर्डचं वनस्पती उद्यान १६२१ सालचं आहे, औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी सुरू झालेलं. तोही संग्रहच आहे, यात हसण्यासारखं काय? कॉलेजांची ग्रंथालयं बोडलियनच्या कारभाराबाहेर आहेत, ती ज्या त्या कॉलेजची. त्यावर एक ओळ असती तर बरं झालं असतं, हे आपलं म्हणणं रास्त आहे. ती ओळ मूळ लेखात घालतो. इंडियन इन्स्टिट्यूटचा विषय स्वतंत्र आहे. त्या इमारतीत भारतीय संस्थानिकांचाही पैसा होता आणि स्थलांतराला तेव्हा विरोध झाला होता, हे मला ठाऊक आहे. तो वाद इथे उकरण्याचं कारण मला दिसत नाही.

क्युरेटर्स किंवा व्हिजिटर्स यांनी डोळे मिटून सही केलेला एखादा निर्णय तुमच्या माहितीत असेल, तर साल आणि तपशीलासह लिहा. मी मनापासून वाचीन आणि उत्तरही देईन. मात्र 'पाऊल न टाकलेल्याला' हे शब्द त्याआधी मागे घ्या.